फर्नेस ऑइलमध्ये पाणी मिसळून स्वच्छ कसं जाळायचं: सोलापूरच्या ऑइल बॉयलरवाल्यांसाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत नाहीतर चिंचोळीत ज्यांचं टॉवेल-चादरीचं डाइंग, सायझिंग आहे आणि बॉयलर अजून फर्नेस ऑइलवर चालतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. लाकूड-ब्रिकेटवाल्यांना याचा उपयोग नाही. चिमणी काळा धूर मारायलीय, ट्यूब ब्रशिंग केलं की पंधरा दिवसांत परत काजळी, शेजारचा शेडवाला तक्रार करतोय, आणि मग कुणीतरी येऊन सांगतो की मालक ऑइलमध्ये पाणी मिसळा, धूर पण जातो आणि ऑइल पण वाचतं. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा बराचसा फुगवलेला, आणि कसं करायचं हे कळायचं असेल तर आधी हा फरक नीट डोक्यात बसला पाहिजे.

पाणी जळत नाही. पाण्यातून हायड्रोजन निघतो आणि तो जळून जास्त हीट देतो असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पाणी जे करतं ते ऑइलचा थेंब फोडायचं काम. फर्नेस ऑइल जाड, त्याचा नोझलमधून निघालेला थेंब मोठा असतो, बाहेरून जळत जातो आणि आतलं जड डांबरासारखं मटेरियल पूर्ण जळायच्या आत त्याचा कोळसा होतो, तोच काजळी म्हणून ट्यूबला चिकटतो नाहीतर चिमणीतून बाहेर. आता त्या थेंबाच्या पोटात दोन-पाच मायक्रॉनचे पाण्याचे बारीक थेंब असतील तर भट्टीत गेल्या गेल्या ते पाणी ऑइलच्या कितीतरी आधी उकळतं, वाफ होते आणि ऑइलचा थेंब आतून फुटतो, गरम तेलात ओली मिरची टाकल्यावर तडतडतं तसंच. एका मोठ्या थेंबाचे पन्नास बारीक झाले की हवा सगळीकडून मिळते आणि कोळसा व्हायच्या आत जळून जातं. १९६० च्या दशकात इव्हानोव्ह आणि नेफेदोव्ह या सोव्हिएत संशोधकांनी इमल्शनचे (तेल-पाण्याच्या अशा बारीक मिश्रणाचे) थेंब जळताना असे फुटतात हे प्रयोगांत दाखवलं. व्हेनेझुएलाने तर ओरिनोको पट्ट्यातलं बिटुमेन साधारण ३० टक्के पाण्यात मिसळून ऑरिमल्शन नावाने पॉवर स्टेशनना विकलं, पण ते उलटं इमल्शन, पाण्यात तेल, आपल्याला पाहिजे तेलात पाणी.

आता हिशोब, कारण हाच कुणी करून दाखवत नाही. एक किलो फर्नेस ऑइलमध्ये साधारण १०,५०० किलोकॅलरी. त्यात १०० ग्रॅम पाणी घातलं तर ते ३० डिग्रीवरून १०० ला न्यायचं, वाफ करायची (किलोला ५४० किलोकॅलरी), आणि ती वाफ २२० डिग्रीला चिमणीतून सोडून द्यायची, असं सगळं धरून ६५-६६ किलोकॅलरी गेल्या. म्हणजे ०.६ टक्के. हा तोटा नक्की, तो कुणी चुकवू शकत नाही. फायदा कुठून येतो? धूर येऊ नये म्हणून आपण हवा जास्त सोडतो, फ्लू गॅसमध्ये (जळून चिमणीत जाणाऱ्या वायूत) ऑक्सिजन ६ टक्के असेल तर समजा ४० टक्के जादा हवा आहे. इमल्शनवर धूर न येता तोच ऑक्सिजन ३.५ टक्क्यावर आणता आला तर जादा हवा २० टक्के उरते. किलो ऑइलला साधारण १४ किलो हवा लागते, त्याचे २० टक्के म्हणजे २.८ किलो हवा फुकट तापवायची वाचली, २२० डिग्रीची चिमणी आणि ३५ डिग्रीची बाहेरची हवा धरली तर १२० च्या वर किलोकॅलरी, म्हणजे १.२ टक्के. वजा ०.६. निव्वळ हातात अर्धा-पाऊण टक्का. त्यात ट्यूब स्वच्छ राहतात त्याचा फायदा वेगळा, ऊर्जा बचतीच्या पुस्तकात ३ मिलिमीटर काजळीला अडीच टक्के जादा इंधन हा आकडा देतात, आणि चिमणीचं तापमान २२ डिग्रीने उतरलं की १ टक्का एफिशियन्सी. म्हणजे घाण बर्नर, काजळलेल्या ट्यूब अशा बॉयलरला मिळून दोन-तीन टक्के होऊ शकतं, आणि ज्याचा बर्नर आधीच ३ टक्के ऑक्सिजनवर बिनधुराचा चालतो त्याला उलट तोटा. १५ टक्के बचत लिहून देतो म्हणणाऱ्याला हा हिशोब समोर ठेवून विचारा, ती कुठून आणणार.

म्हणून पहिलं काम पाण्याचं नाहीच. नोझल काढून बघा, झिजलंय का, स्प्रेचा अँगल एका बाजूला गेलाय का. स्ट्रेनर साफ करा. ऑइलचं तापमान बर्नरच्या तोंडाशी मोजा, प्रीहीटरच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, एमव्ही-२ ग्रेडचं ऑइल ५० डिग्रीला १८० सेंटिस्टोकपर्यंत जाड असू शकतं, ते नोझलला १५-२० सेंटिस्टोक पाहिजे आणि त्यासाठी १०० ते १२० डिग्री लागतंच. सोलापुरात मे महिन्यात सगळं आपोआप पातळ वाटतं, आणि जानेवारीच्या पहाटे तेच ऑइल गुळासारखं होतं मग धूर सुरू, तो धूर पाण्याने जाणार नाही, लाइनचं ट्रेसिंग (पाइप गरम ठेवायची सोय) नीट केल्यावर जाईल. ट्यूब ब्रशिंग करून घ्या. एवढं झाल्यावर आठवडाभर तसाच बॉयलर चालवून आकडे लिहा: ऑइल किती, फीड वॉटर किती, फ्लू गॅसचा ऑक्सिजन, सीओ (कार्बन मोनॉक्साइड), चिमणीचं तापमान, धुराचा डाग (स्मोक पंपाने फिल्टर पेपरवर घ्यायचा, ० ते ९ ची पट्टी असते). कित्येकांचं काम इथेच होतं आणि पुढचा खर्च वाचतो. पाणी विकणारे नेमकं काय करतात तर ट्रायलच्या आदल्या दिवशी ट्यूब साफ करून देतात, फुकट, आणि मग सगळी बचत इमल्शनच्या नावावर. ब्रशिंग आधी, बेसलाइन मग, ट्रायल त्यानंतर, हा क्रम सोडू नका.

इतकं करूनही धूर आणि काजळी राहत असेल तर पुढे वाचा.

पाणी कुठलं वापरायचं यावर लै जण घसरतात. बोअरचं कच्चं पाणी नको हे सगळ्यांना कळतं, आपल्याकडच्या पाण्यात हार्डनेस भरपूर, ते सगळं राख होऊन ट्यूबला बसणार. मग म्हणतात सॉफ्टनरचं घेऊ. पण सॉफ्टनर करतो काय, कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो, आणि फर्नेस ऑइलमध्ये व्हॅनेडियम असतं, सोडियम-व्हॅनेडियमची जोडी जमली की कमी तापमानाला वितळणारी राख तयार होते जी गरम धातूला चिकटते आणि खाते. साध्या फायर ट्यूब बॉयलरला ट्यूबचा धातू तितका गरम नसतो म्हणून खाण्याचा धोका कमी, पण रिफ्रॅक्टरीवर आणि बर्नरच्या तोंडावर चिकट थर बसतोच, आणि ज्यांच्याकडे सुपरहीटर आहे त्यांना तर सॉफ्टनरचं पाणी अजिबात नको. आरओ किंवा डीएमचं (क्षार काढलेलं) पाणी घ्या. कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन परत आलेलं पाणी, सगळ्यात स्वस्त आणि चांगलं, फक्त कुठल्या मशीनचं येतंय ते बघा, जिगरच्या (कापड रंगवायच्या मशीनच्या) कॉइलला भोक असेल तर त्यात रंग आणि मीठ येतं. सिलिंडर ड्रायरचं कंडेन्सेट सहसा स्वच्छ असतं. टीडीएस मीटर लावून २० च्या खाली असेल तर बिनधास्त वापरा.

तसंच इमल्सिफायर. डाइंगवाल्याकडे साबण, वेटिंग एजंट हाताशी असतो, वाटतं तेच टाकू. चालत नाही. ते पाण्यात तेल धरून ठेवायला बनवलेलं असतं, आपल्याला तेलात पाणी धरायचंय, त्यासाठी तेलात विरघळणारा लागतो, एचएलबी (ओढ तेलाकडे की पाण्याकडे हे सांगणारा आकडा) ३ ते ६ मधला, स्पॅन-८० म्हणून मिळतो तो ४.३ चा. हजार किलो ऑइलला दोन-तीन किलोपासून सुरुवात. खरं तर फर्नेस ऑइलमध्ये अस्फाल्टीन आणि रेझिन असतात, तेच पाण्याच्या थेंबाभोवती साल धरतात, त्यामुळे मिक्सरमधून निघालेलं इमल्शन मिनिटभरात बर्नरला जात असेल तर इमल्सिफायरची गरज पडत नाही बऱ्याचदा. साठवायचं असेल तरच. आणि माझं मत, साठवूच नका.

आधी बाटलीवर करून बघा. एक लिटर ऑइल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० डिग्रीला आणा, गॅसवर नाही, हीटरच्या कॉइलवर नाही, याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याच्या वाफा पेट घेतात) ६६ च्या वर एवढीच हमी असते, त्यामुळे उघड्यावर त्याच्या पुढे न्यायचंच नाही. त्यात ६० डिग्रीचंच ८० मिली पाणी बारीक धारेने सोडत लॅबच्या हाय शिअर मिक्सरने पाच मिनिटं फिरवा. घरचा मिक्सर नको. रंग काळ्याचा किंचित तपकिरी झाला की झालं समजा. आता तपासणी. काडीच्या टोकावर येईल एवढा थेंब काचपट्टीवर घ्या, वरून कव्हर स्लिप ठेवून बोटाने दाबा, इतकं दाबा की काळा थर मधासारखा पिवळा-तपकिरी दिसायला लागेल, आणि शाळेतल्या मायक्रोस्कोपला ४०० पटीवर लावा. मोहरी उधळल्यासारखे एकसारखे बारीक गोल ठिपके दिसले, मोजपट्टीवर दोन ते दहा मायक्रॉन, तर उत्तम. मध्येच मोठे चंद्र दिसायला लागले तर मिक्सिंग कमी पडलं. उलटं इमल्शन झालंय का बघायला एक थेंब पाण्याच्या ग्लासात टाका, गोळा होऊन राहिला तर बरोबर, पाणी गढूळ झालं तर चुकीचं. मल्टीमीटरच्या दोन पिना बुडवून करंट वाहत नाही हे पण बघता येतं. उरलेलं मेजरिंग सिलिंडरमध्ये ६० डिग्रीच्या पाण्यात संध्याकाळपर्यंत ठेवा, तळाला पाणी सुटलं तर किती वेळाने सुटलं ते लिहून ठेवा, तेवढाच वेळ तुमच्या हातात आहे.

आता लाइनवर. डे टँक (रोजच्या वापराची ऑइलची टाकी), स्ट्रेनर, सप्लाय पंप, ऑइल मीटर, मग पाण्याचं इंजेक्शन, मग इनलाइन हाय शिअर मिक्सर, मग प्रीहीटर, मग बर्नरचा स्वतःचा पंप आणि नोझल. क्रम हाच. पाणी सप्लाय पंपाच्या आधी सोडायचं नाही, गिअर पंपाला ऑइलचंच वंगण असतं, सुटं पाणी गेलं की गिअर खरवडतात. बर्नरच्या पंपात इमल्शन जाणारच, पण तिथे बाहेरून तेल आणि आत पाणी असं असतं म्हणून चालतं, मिक्सिंग खराब असेल तर तोच पंप पहिला जाणार, म्हणून मिक्सरवर काटकसर करू नका. वाकड्या पात्यांचा स्टॅटिक मिक्सर स्वस्त आहे, पण कमी फ्लोला तो थेंब मोठे ठेवतो, आणि आपला लोड तर दिवसभर वरखाली. रोटर-स्टेटर घ्या. ऑइल मीटर पाण्याच्या आधी बसवायचा हे परत सांगतो, नंतर बसवला तर तो पाण्याला पण ऑइल म्हणून मोजणार आणि कुणालाच काही कळणार नाही.

डोझिंग पंप. तासाला १०० किलो ऑइलचा बर्नर असेल तर ८ टक्क्याने तासाला ८ लिटर पाणी, म्हणजे मिनिटाला १३० मिलीच्या आसपास. एवढ्या थोड्या पाण्याला डायफ्रामचा डोझिंग पंप लावला तर तो ठोके देत पाणी सोडतो, एक ठोका पाणी, मग नुसतं ऑइल, परत पाणी, आणि ज्योत धडधडते. पल्सेशन डॅम्पनर लावा किंवा छोटा मीटरिंग गिअर पंप घ्या. प्रेशर ऑइल लाइनपेक्षा जास्त, पुढे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर ऑइल उलटं पाण्याच्या टाकीत जाईल. आणि सोलेनॉइड, जो बर्नर ट्रिप झाला, ऑइलचं प्रेशर पडलं, नाहीतर फोटोसेलने ज्योत गेली म्हटलं की लगेच पाणी बंद करेल. हा इंटरलॉक नसेल तर सिस्टीम चालूच करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, इथे हलगर्जीपणा म्हणजे माणूस भाजणार. प्रीहीटरमध्ये इमल्शन १२० डिग्रीला जातं, तिथे पाणी उकळू नये म्हणून लाइनमध्ये कमीत कमी १ बार गेज प्रेशर लागतं, १३० डिग्रीला १.७ बार. मी म्हणेन याच्या दुप्पट ठेवा. इमल्शन साध्या ऑइलपेक्षा जाड असतं, १० टक्के पाण्याला पाव हिश्श्याने तरी, म्हणून प्रीहीट पाच-दहा डिग्री वाढवावं लागतं, आणि तिथेच प्रेशर विसरलं जातं. इलेक्ट्रिक हीटरचा रॉड वरून लालबुंद असेल तर त्याच्या अंगालगत वाफ होते, त्यापेक्षा स्टीमचा हीटर बरा. आणि रिटर्न लाइन. बर्नरकडून परत येणारं १२० डिग्रीचं इमल्शन उघड्या डे टँकमध्ये सोडलं की प्रेशर शून्य होतं, त्यातल्या पाण्याची एकदम वाफ होते, एक लिटर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ, ऑइल फेसाळून टँकच्या बाहेर येतं आणि खाली बॉयलरवाले मामा उभे असतात. रिटर्न बंद पॉटमधून परत मिक्सरच्या आधी जोडा, डे टँकमध्ये कधीच नाही. डे टँक ५५ डिग्रीच्या वर नको, आणि त्यात पाण्याचा पाइप थेट सोडून ढवळायची आयडिया कुणी दिली तर सरळ नाही म्हणा. टायर ऑइल मिसळत असाल तर हे अजिबात करू नका, त्याचा फ्लॅश पॉइंट खूप खाली असतो. डिझेल जनरेटरमध्ये पण ही सेटिंग नाही, इंजेक्टर आणि पंप जातील.

चालू करताना बॉयलर साध्या ऑइलवर पेटवा, प्रेशर येऊ द्या, ज्योत स्थिर झाली की पाणी ३ टक्क्यापासून सुरू. दर अर्ध्या तासाला दोन टक्के वाढवा. प्रत्येक वेळी साइट ग्लासमधून ज्योत बघा: आधी लांब, टोकाला लाल धुरकट शेपूट असते, पाणी लागू पडायला लागलं की ती आखूड होते, उजळ होते, शेपूट जाते. तेव्हा हवेचा डँपर हळूहळू बंद करत ऑक्सिजन खाली आणा. सीओ वाढायला लागला की एक पायरी मागे. हवा कमी केली नाही तर सगळा खटाटोप फुकट, धूर जाईल पण इंधन जास्तच लागेल, वरचा ०.६ टक्के आठवा. बहुतेक ठिकाणी ६ ते १० टक्क्यात काम होतं, १५ च्या पुढे ज्योत उडायला लागते. तेवढीच हीट पाहिजे असेल तर नोझलमधून ८ टक्के माल जास्त जावा लागतो, म्हणून प्रेशर किंवा नोझलचा साइज बघा, नाहीतर डाइंगवाला ओरडणार की वाफ कमी पडतेय. चिमणीचं तापमान १६० च्या खाली जाऊ देऊ नका, फर्नेस ऑइलमध्ये सल्फर भरपूर, वाफ वाढली की आम्ल लवकर जमतं आणि चिमणीचा पत्रा गळतो.

सल्फरवरून एक सांगायलाच पाहिजे. काळा धूर गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही. काजळी घटते, ज्योतीचं तापमान उतरल्याने नायट्रोजन ऑक्साइड काही प्रमाणात घटतात, पण ३.५ टक्के सल्फरच्या एक किलो ऑइलमधून ७० ग्रॅम सल्फर डायऑक्साइड निघतो तो पाणी घालून निघतोच. त्याला कमी सल्फरचं ऑइल, गॅस नाहीतर स्क्रबर, दुसरा इलाज नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हरियाणा, यूपी, राजस्थानात फर्नेस ऑइल बंद केलं ते यासाठीच. तो आदेश आपल्याकडचा नव्हता, पण सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत आहे, आणि शहराच्या कडेला, अक्कलकोट रोडला, कारखाना आणि घर यात भिंतीचंच अंतर आहे. त्या घरातल्या पोरांच्या छातीत आपला धूर जातो. म्हणून अर्धा टक्का बचत झाली नाही तरी काजळी कमी होणं मला मोलाचं वाटतं. प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये इंधन लिहिलेलं असतं, बदल करायच्या आधी सल्लागाराला विचारून कागद नीट करून घ्या, आणि लाइनमध्ये फेरफार करताना बर्नर कंपनीला आणि बॉयलर इन्स्पेक्टरला अंधारात ठेवू नका.

ज्यांचा बर्नर दर पाच मिनिटाला चालू-बंद होतो त्यांनी आधी लोडचं बघावं, बॅच एकामागोमाग लावता येतात का, कारण प्रत्येक बंदला लाइनमध्ये इमल्शन थांबतं. बंद करायच्या १५ मिनिटं आधी पाणी बंद, साध्या ऑइलवर चालू ठेवायचं, म्हणजे मिक्सर, प्रीहीटर, नोझल सगळं धुऊन निघतं. साप्ताहिक सुट्टीला एवढं पुरतं. गड्ड्याच्या यात्रेला नाहीतर दिवाळीला चार-पाच दिवस बंद असेल तर पाण्याची लाइन रिकामी करा, मिक्सरचा ड्रेन उघडून बघा, आणि परत चालू करताना डे टँकच्या तळाला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावलेली काठी घालून पाणी साचलंय का तपासा. पेस्टचा रंग बदलला तर आधी तळाचा ड्रेन सोडा, मगच पंप चालू.